ऊर्जाबचतीत पैसा घालताना: कारखानदारांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये ‘कोणतं यंत्र घेऊ’ असं विचारणारे थोडे आहेत. ‘बचत होईल हे पटतं, पण पैसे घालायला मन धजत नाही’ असं लिहिणारे बरेच. मला हाच खरा प्रश्न वाटतो. कमी वीज खाणारी यंत्रं बाजारात आहेत, ती बसवणारी माणसंही मिळतात. गाडी अडते ती पैसे घालण्याच्या निर्णयापाशी, आणि बहुतेक वेळा त्याचं कारण एकच असतं: वाया जाणारी ऊर्जा मोजलेली नसते, त्यामुळे वाचणारा पैसाही डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : माझी शिरोली एमआयडीसीत फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. दोन वर्षांपूर्वी ऊर्जा ऑडिट करून घेतलं. अहवालातला सगळ्यात मोठा उपाय नवी इंडक्शन भट्टी (विजेवर धातू वितळवणारी) घेण्याचा आहे. तेवढी रक्कम जमत नाही, म्हणून अहवाल तसाच पडून आहे. सुरुवात कुठून करू?

अहवालाच्या शेवटच्या पानांपासून. ऑडिटर मोठ्या बचतीचे उपाय आधी लिहितात आणि बिनखर्चाचे शेवटी. तुम्ही क्रम उलटा करा.

फौंड्रीत सर्वाधिक ऊर्जा धातू वितळवण्यात जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. एक टन लोखंड वितळवून ओतण्याच्या तापमानाला न्यायला शास्त्राप्रमाणे चारशेच्या आत युनिट पुरतात. चांगली चाललेली भट्टी साडेपाचशेच्या आसपास घेते, ढिलाईने चाललेली सातशेच्याही पुढे जाते. या फरकातला मोठा भाग भट्टीच्या वयामुळे नसतो. झाकण उघडं राहतं, गंजका आणि वाळू चिकटलेला स्क्रॅप तसाच आत पडतो, आणि मोल्ड, म्हणजे ओतायचे साचे, तयार नाहीत म्हणून वितळलेला रस भट्टीतच ताटकळत राहतो. प्रत्येक हीटला, म्हणजे वितळवण्याच्या प्रत्येक फेरीला, टनामागे किती युनिट लागली आणि रस किती मिनिटं थांबला, हे दोन आकडे पाळीच्या वहीत लिहायला लावा. वही सुरू झाली की मोल्डिंगवाले आणि भट्टीवाले एकमेकांच्या वेळा सांभाळू लागतात.

दुसरी पायरी कॉम्प्रेस्ड हवेची. ७ बार दाबावर ३ मिलिमीटरचं एक भोक कॉम्प्रेसरवर साधारण ३ किलोवॉटचा बोजा टाकतं. वर्षाला ६,००० तास आणि युनिटला साडेआठ रुपये धरले, तर त्या एका भोकातून दीड लाख रुपये जातात. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा आणि तो किती वेळ लोडवर, म्हणजे प्रत्यक्ष हवा दाबत, राहतो ते घड्याळ लावून पाहा. हवा कुणी वापरत नसताना तो जितका वेळ राबतो, तितकी तुमची गळती. ती बुजवल्यावर दाब कमी करता येतो का ते पाहा. एक बार कमी झाला तर कॉम्प्रेसरची सहा-सात टक्के वीज वाचते.

वाचलेली रक्कम हिशोबात वेगळ्या खात्यावर दाखवा. भट्टीचा विचार त्यानंतर करा. तोपर्यंत टनामागची तुमची खरी गरज कळलेली असेल, आणि कदाचित आधी ठरवली होती त्यापेक्षा लहान भट्टी पुरेल.

अहवाल पडून राहिला याचं फार मनाला लावून घेऊ नका. अमेरिकेत १९७६ पासून कित्येक वर्षं विद्यापीठांमार्फत लहान-मध्यम कारखान्यांचं ऊर्जा ऑडिट फुकट केलं गेलं. तिथेही सुचवलेल्या उपायांपैकी जवळपास निम्मेच अमलात आले. अभ्यासकांना असंही दिसलं, की मालकांच्या निर्णयावर दरवर्षी होणाऱ्या बचतीपेक्षा सुरुवातीच्या खर्चाचा प्रभाव अधिक असतो.

प्रश्न : मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्स पाहतो. मालकांचा नियम आहे की एका वर्षात पैसे वसूल होत नसतील तर प्रस्ताव आणायचा नाही. मोटर बदलण्याचा प्रस्ताव दर वेळी फेटाळला जातो. त्यांना कसं पटवू?

तुमचा प्रस्ताव ‘चालू मोटर काढून नवी बसवू’ असा असेल तर मालकांचं चुकत नाही. मुहूर्त चुकतो आहे. मोटर जळते तेव्हाच हा हिशोब खरा जमतो, कारण तेव्हा रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या तारा काढून नव्या गुंडाळण्याचा, खर्च होणारच असतो.

१५ किलोवॉटची चार पोलची मोटर घ्या. आयई३ (मोटरच्या कार्यक्षमतेची आंतरराष्ट्रीय श्रेणी) दर्जाच्या मोटरची पूर्ण भारावरची कार्यक्षमता ९२.१ टक्के असते. जुनी, दोन वेळा रिवाइंड झालेली मोटर ८७ टक्के देते असं धरू. भार पाऊण, वर्षाला ६,००० तास. जुनी १२.९ किलोवॉट खेचते, नवी १२.२. वर्षाला सुमारे ४,३०० युनिट म्हणजे ३६,००० रुपये वाचतात. नवी मोटर ७० हजारांना आणि रिवाइंडिंग १५ हजारांना पडतं असं समजा, दर तुमच्या व्यापाऱ्याकडून घ्या. म्हणजे प्रत्यक्षात जास्तीचे घालायचे ५५ हजार, आणि ते दीड वर्षात परत.

दीड वर्ष हे एकाहून जास्त आहे, मान्य. पण मालकांना दोन आकडे शेजारी ठेवून दाखवा. ५५ हजारांवर वर्षाला ३६ हजार, म्हणजे ६५ टक्के परतावा, आणि मोटर पुढे दहा वर्षं चालणार. त्यांनी गेल्या वर्षी घेतलेल्या कोणत्या मशीनने हा परतावा दिला? वसुलीचा काळ पैसा कधी परत येईल एवढंच सांगतो, त्यानंतर किती येत राहील ते सांगत नाही. आणखी एक आकडा सांगा: हीच मोटर वर्षाला सहा लाखांहून अधिक रुपयांची वीज खाते.

आजच एक यादी करा. कोणती मोटर जळली तर रिवाइंड करायची आणि कोणती जळली तर सरळ बदलायची, हे आधी ठरवून मालकांची सही घ्या. रात्रपाळीत लाइन बंद पडल्यावर कुणालाही हिशोब सुचत नाही, मोटर रिवाइंडरकडेच जाते.

एक खबरदारी. नवी मोटर जुनीपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरते. पंखा किंवा सेंट्रिफ्यूगल पंप असेल तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि बचत तिथेच विरून जाते. पुली बदला किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा. घनाचा हाच नियम उलट बाजूने वरदान ठरतो: वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती जवळपास निम्म्यावर येते.

प्रश्न : आमचं इचलकरंजीत प्रोसेस हाउस, म्हणजे कापडावर प्रक्रिया करण्याचा कारखाना आहे. गेल्या वर्षी बॉयलरला इकॉनॉमायझर (धुराच्या उष्णतेने पाणी तापवणारं उपकरण) बसवला, पाइपांना लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) केलं. तरी कोळशाचं बिल वाढलं. फसवणूक झाली का?

बिलावरून ते ठरवता येणार नाही. बिलात कोळशाचा दर आहे, त्याचा उष्मांक आहे आणि तुमचं उत्पादनही आहे. किती किलो कापड प्रोसेस झालं आणि किती किलो कोळसा जळला, हे बारा महिन्यांचे आकडे काढा. आडव्या रेषेवर कापड, उभ्या रेषेवर कोळसा, असे बारा ठिपके मांडा आणि त्यांच्यामधून एक रेषा ओढा. इकॉनॉमायझरच्या आधीच्या वर्षाची रेषा वेगळी ओढा. नवी रेषा खाली असेल तर बचत झाली आहे, बिल काहीही म्हणो. कोळशाची जात बदलली असेल तर किलोऐवजी उष्मांकावर हिशोब करा.

दोन्ही रेषा उभ्या अक्षाला कुठे भेटतात तेही पाहा. कापड शून्य असतानाही जळणारा तो कोळसा. तो आकडा मोठा असेल तर स्टीम ट्रॅप (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपा) आणि कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेलं पाणी) यांच्याकडे वळा. फीड पाण्याचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं की इंधन साधारण एक टक्का वाचतं, आणि गरम कंडेन्सेट गटारात सोडणारी प्रोसेस हाउसं मी आजही पाहते. त्याचा मला खरोखर त्रास होतो, कारण त्या पाण्याला पैसे मोजून शुद्धही केलेलं असतं.

प्रश्न : छतावर सोलर लावलंय. मग बचतीवर वेगळा खर्च कशाला?

सोलर दिवसा वीज देतं. तुमची गळती रात्रपाळीतही चालू असते, आणि बॉयलरचं इंधन तर सोलरने अजिबात कमी होत नाही. आधी गरज कमी केली असती तर कमी पॅनेल लागली असती. आता लावलीच आहेत तर असू द्या, चांगलंच आहे. पुढचा टप्पा वाढवण्याआधी मात्र गळती शोधा.

प्रश्न : नाशिकला अंबडमध्ये आमचा लहान कारखाना आहे. बँक म्हणते, बचत म्हणजे उत्पन्न नव्हे, तारण द्या. काही मार्ग आहे का?

आहे. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोची, म्हणजे बीईईची, ‘अदिती’ ही योजना जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. तरतूद १,००० कोटींची आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जाच्या व्याजात ५ टक्के, मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत मिळते. फौंड्री, फोर्जिंग, वस्त्रोद्योग, अन्नप्रक्रिया, रसायनं, औषधं अशी १४ क्षेत्रं तिच्यात आहेत. किमान १० टक्के ऊर्जाबचत दाखवावी लागते. ही अट मला आवडते, कारण तिच्यामुळे मोजमाप सक्तीचं होतं. सविस्तर ऑडिट, प्रकल्प अहवाल आणि नंतरच्या मोजणीसाठीही योजनेत मदत आहे. तुमचा उद्योग आणि तुमचा भाग तिच्यात बसतो का, हे आधी बीईईकडे तपासा. राज्याच्या सवलतींची चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात आणि महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या कार्यालयात करा, आणि ऊर्जाबचत उपकरणांवरच्या वाढीव घसाऱ्याबद्दल सीएला विचारा.

दुसरा मार्ग एस्कोचा, म्हणजे यंत्रणा स्वतःच्या पैशाने बसवून बचतीतून हप्ते घेणाऱ्या कंपनीचा. इथे भांडणं होतात ती करारातल्या एका जागेवरून: आधीचा वापर किती धरायचा? उत्पादन वाढलं, पाळ्या बदलल्या, नवी मशीन आली तर तो आकडा कसा सुधारायचा, याचं सूत्र करारातच लिहून घ्या. प्रोसेस हाउसवाल्यांना सांगितलेली रेषा इथेही कामी येते. बँकेत जातानाही ती घेऊन जा. मोजलेली बचत दाखवणाऱ्या अर्जदाराशी अधिकारी वेगळ्या सुरात बोलतो.

प्रश्न : आम्ही नट-बोल्ट जर्मनीला पाठवतो. ग्राहक सीबॅमसाठी कार्बनची माहिती मागतोय. वीज वाचवली तर आमचा आकडा खाली येईल का?

थेट उत्तर: सध्याच्या नियमांत फारसा नाही. युरोपीय संघाच्या या कार्बन शुल्काचा प्रत्यक्ष अंमल १ जानेवारी २०२६ पासून सुरू झाला आणि पोलादी नट-बोल्ट त्यात येतात. पण लोखंड-पोलादाच्या मालासाठी फक्त थेट उत्सर्जन मोजलं जातं, विजेमागचं नाही. म्हणजे कोल्ड फोर्जिंग प्रेसच्या विजेची बचत तिथे मोजली जाणार नाही.

तुमच्या आकड्याचा मोठा हिस्सा तुमच्या कारखान्यातला नाहीच. तो तुम्ही विकत घेतलेल्या वायरमध्ये आहे. ब्लास्ट फर्नेसच्या पोलादामागे टनाला दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड असतो, विजेच्या भट्टीत स्क्रॅपपासून बनलेल्या पोलादामागे त्याहून खूप कमी. म्हणून आधी मिलकडून उत्सर्जनाची खरी माहिती मागा. ती नसेल तर युरोपने ठरवून दिलेले सरसकट आकडे लागू होतात आणि ते सहसा महागात पडतात. ग्राहकाला हेही विचारा, की वर्षभरात सीबॅमखालचा त्याचा एकूण आयात माल ५० टनांच्या वर जातो का. त्याच्या आत असेल तर त्याला सूट आहे.

विजेची बचत तरीही करा. तिचा पैसा युरोपकडून येणार नसला तरी महिन्याच्या बिलात येतो.

प्रश्न : मी पुण्यात अभियांत्रिकी शिकते. फायदा इतका स्पष्ट असेल तर सरकारने अनुदान देण्यापेक्षा कायदाच का करू नये?

कायदा आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आहे, आणि त्याच्याच आधारे २०१२ मध्ये ‘पॅट’ योजना सुरू झाली. सिमेंट, पोलाद, कागद, खतं अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना प्रत्येकी बचतीचं उद्दिष्ट दिलं. जास्त वाचवेल त्याला विकता येणारी प्रमाणपत्रं, कमी पडेल त्याने ती विकत घ्यायची. पहिल्या फेरीत उद्दिष्ट सुमारे ६६.९ लाख टन खनिज तेलाइतक्या ऊर्जेचं होतं, बचत झाली ८६.७ लाख टनांइतकी. यश मोठं होतं, पण त्याचा अर्थ असाही होतो की उद्दिष्ट सोपं होतं. प्रमाणपत्रांचा पुरवठा मागणीपेक्षा जास्त झाला आणि भाव पडला. भाव पडला की पुढची गुंतवणूक करणाऱ्याचं बळ जातं. आता २०२२ च्या दुरुस्तीनंतर कार्बन क्रेडिट व्यापाराची नवी व्यवस्था येते आहे. तिच्यातली उद्दिष्टं कडक असावीत आणि काही वर्षं आधी जाहीर व्हावीत, असं माझं ठाम मत आहे.

लहान कारखान्यांना मात्र कायद्याचा बडगा उपयोगी नाही. त्यांच्याकडे ऊर्जेसाठी वेगळा माणूस नसतो. बाजारात येणाऱ्या मोटरींना किमान दर्जा सक्तीचा असावा, तो आहेही. त्यापुढचं काम समूहात होतं. बीईई आणि जागतिक बँकेच्या प्रकल्पात कोल्हापूरच्या फौंड्री आणि पुण्याच्या फोर्जिंग उद्योगांसोबत असं काम झालं आहे. स्वित्झर्लंडमध्ये आणि नंतर जर्मनीत दहा-पंधरा कारखाने एकत्र येऊन एक समान उद्दिष्ट ठरवतात, एकच सल्लागार नेमतात आणि ठरावीक काळाने एकमेकांच्या कारखान्यात जाऊन पाहतात. शेजारच्या कारखान्यात चाललेली गोष्ट मालकाला अहवालापेक्षा लवकर पटते.

तुम्ही प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर एक सुचवते. जवळच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतल्या एकाच प्रकारच्या दहा कारखान्यांकडून टनामागे किती युनिट लागतात ते गोळा करा, नावं न देता एका तक्त्यात मांडा आणि तो तक्ता त्या दहाही जणांना द्या. आकडे जमवताना मदत लागली तर मला जरूर लिहा.