स्ट्रोकनंतर हातासाठी व्हिडिओ गेम: लक्ष कुठे ठेवायचं

तुमच्या वडिलांना स्ट्रोक येऊन तीन महिने झालेत. उजवा हात थोडाफार उचलला जातो, पण बोटं नीट उघडत नाहीत. व्यायामाला ते कंटाळलेत, म्हणून गेमिंग कन्सोल घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे (म्हणजे आजारानंतर रोजची कामं पुन्हा जमावीत यासाठी मदत करते) आणि अशा पेशंटसोबत गेम बरेच वापरले आहेत, त्यामुळे जरा सविस्तर सांगते.

गेमचा उपयोग होतो, पण थेरपीत भर म्हणून. थेरपी बंद करून फक्त गेम खेळायचा असेल तर नको. २०१६ साली कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने चार देशांत झालेला १४१ पेशंटचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या थेरपीबरोबर काहींना निन्टेंडो वी (हातातला रिमोट हलवून खेळायचा गेमिंग कन्सोल) खेळायला दिलं, बाकीच्यांना पत्ते, बिंगो, जेंगा असे साधे खेळ. हात दोन्ही गटांचे सुधारले, पण वी खेळणारे काही पुढे गेले नाहीत. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यातही हेच दिसतं: थेरपीऐवजी गेम दिला तर वेगळा फायदा नाही, थेरपीला जोडून दिला आणि हात वापरायचा एकूण वेळ वाढला तर फायदा होतो.

याचं कारण सरळ आहे. मेंदूचा जो भाग मेला तो परत येत नाही, त्याचं काम उरलेल्या भागांना शिकावं लागतं आणि त्यासाठी तीच हालचाल पुन्हापुन्हा व्हावी लागते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ती दिवसाला शेकडो वेळा करून घेतात. २००९ च्या अमेरिका-कॅनडातल्या एका पाहणीत मात्र थेरपीच्या एका सत्रात हाताच्या प्रत्यक्ष कामाच्या हालचाली सरासरी ३२ च भरल्या. ही दरी भरून काढायला गेम खरोखर मदत करतो, कारण खेळताना माणूस मोजत बसत नाही.

पण हालचाल योग्य हवी, आणि सगळी मेख इथेच आहे. समजा, कॅमेऱ्यासमोर बसून पडद्यावरचे फुगे फोडायचेत. फुगा लांब आला की पेशंट कमरेतून पुढे झुकतो, खांदा कानाकडे चढतो, कोपर मात्र वाकलेलंच राहतं. पंजा फुग्यापर्यंत पोचला एवढंच कॅमेऱ्याला कळतं आणि तो गुण देऊन टाकतो. असं रोज झालं की मेंदू तीच चुकीची पद्धत पक्की करतो. हातात धरायच्या रिमोटचंही तसंच: अख्खा हात फिरवायच्या जागी मनगटाच्या एका झटक्यात काम भागतं. म्हणून खेळताना तुम्ही पडद्याकडे बघू नका. बाजूला बसा आणि त्यांची पाठ, खांदा, कोपर बघा. पाठीची भक्कम खुर्ची घ्या. तरीही झुकत असतील तर छातीवरून एक रुंद पट्टा खुर्चीच्या पाठीला सैलसर बांधा.

तुमच्या वडिलांची बोटं मिटलेली राहतात, त्यामुळे कंट्रोलर घट्ट धरून ठेवावा लागेल असा गेम मी त्यांना अजिबात देणार नाही. मूठ आवळायला त्यांना आधीच जास्त जोर मिळतोय, उघडायला मिळत नाही. त्यापेक्षा टॅबलेट टेबलावर आडवा ठेवा, कोपरापासूनचा हात टेबलावर टेकू द्या आणि पंजा सरकवत, बोटं उचलत खेळता येईल असा साधा गेम शोधा. डावा हात मांडीवर. दोन्ही हातांचा गेम असला की चांगला हात सगळं उरकून टाकतो आणि उजवा नुसता पडून राहतो. कन्सोलवर पैसे आत्ताच घालू नका.

एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, दिवसातून दोनदा चालेल. दहापैकी सहा-सात वेळा जमेल इतपत अवघड ठेवा. फार सोपं झालं तर मन उडतं, फार अवघड झालं तर ते अंग वाकवून कसंतरी साधतात. हालचाल बिघडायला लागली की स्कोअर कितीही चांगला चालू असला तरी थांबवा. आणि खेळ संपल्यावर लगेच त्याच हालचालीचं एखादं खरं काम त्या हाताला द्या: ग्लासपर्यंत पोचणं, दिव्याचं बटण दाबणं. हा भाग बहुतेक घरांत राहून जातो, आणि मग गेममध्ये जमतं ते जेवताना जमत नाही.

खांदा दुखत असेल किंवा खांद्याच्या टोकाखाली खोबण जाणवत असेल, तर थेरपिस्टला दाखवल्याशिवाय हात वर न्यायचे गेम नकोत. हात धरून ओढायचा तर कधीच नाही. स्ट्रोकनंतर फिट आली असेल, तोल जात असेल किंवा एका बाजूचं लक्षातच येत नसेल, तर डोक्यावर लावायचा, डोळ्यांसमोर आभासी जग दाखवणारा व्हीआर हेडसेट डॉक्टरांना विचारूनच.

सध्या एवढं करा: ते खेळत असताना बाजूने दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि तुमच्या फिजिओला दाखवून विचारा की यातली कोणती हालचाल वाढवायची आणि कोणती रोखायची. त्यांनी काय सांगितलं ते इथे लिहा, मग गेम कोणता निवडायचा ते बघू.