दहावीनंतर वेल्डिंग? सुरुवातीला एवढंच बघ

घरचे 'आधी बारावी कर' म्हणतायत ना? त्यांना सांग, आयटीआयचा वेल्डर ट्रेड एका वर्षाचा आहे, आठवी पासलाही चालतो. प्रवेश ऑनलाइन होतो, तारखा चुकवू नकोस. पुढे अप्रेंटिसशिपमध्ये स्टायपेंड मिळतो. नवी मुंबईतल्या रबाळे-महापेच्या शेडमध्ये थेट हेल्पर म्हणून लागलास तर हात बसेल, पण सर्टिफिकेटचा कागद मिळणार नाही, आणि मोठ्या कंपनीच्या गेटवर कागदच विचारतात.

आता हाताचं. नवीन पोरं हमखास इथे चुकतात:

- 'एकच टाका मारायचाय' म्हणून वेल्डिंगची काळी काच न लावता बघणं. मीही बघितलं होतं. रात्री दोन वाजता डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं, सकाळपर्यंत झोप नाही.
- नायलॉनचा टी-शर्ट. ठिणगी पडली की वितळून कातडीला चिकटतो. जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. पावसाळ्यात ओले हातमोजे तर अजिबात नकोत, शॉक बसतो.
- गंज, रंग न घासता वेल्डिंगचा रॉड टेकवणं.

सराव ६ मिमी जाड लोखंडी पट्टीवर, ६०१३ चा (हा साध्या लोखंडासाठीच्या रॉडचा नंबर) ३.१५ मिमी रॉड, करंट साधारण ११० अँपिअर. रॉडचं टोक आणि पट्टी यांत रॉडच्या जाडीएवढंच अंतर ठेव. आवाज ऐक: तव्यावर काहीतरी तळतंय असा एकसारखा चरचर आला की जमतंय. फटफट उडतंय म्हणजे रॉड लांब गेला.

टिग (गॅसच्या आडोशात टंगस्टनच्या टोकाने करतात ते वेल्डिंग), पाइप, ओव्हरहेड (डोक्यावरचं वेल्डिंग) वगैरे आत्ता विसर. महिनाभर सपाट पट्टीवर सरळ रेघा ओढ, मग फोटो टाक.