तीन मॉनिटर घेताना आधी बिलाचं बघा

निपाणीत टायपिंग-डिझाइनचं दुकान, तीन मॉनिटर हवेत, बजेट 25 हजार, कोल्हापुरात नगामागे 700 रुपये कमी पडतात म्हणून तिकडून आणणार, आणि 27 इंची घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना मला माझंच जुनं प्रकरण आठवलं. मी बेळगावात शहापूरला डीटीपी करतो, लग्नपत्रिका आणि हँडबिलं, मराठी आणि कन्नड दोन्ही. केबल, सेटिंग वगैरे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

आधी कोल्हापूरचं सांगतो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे तिथंच गेले. 8,500 ला एक असे तीन आणले. इथल्यापेक्षा 2,100 वाचले. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "बिल कुणाच्या नावानं?" मला कोगनोळी टोलनाका ओलांडून अंधार पडायच्या आत घरी पोचायचं होतं. "कसंही करा," म्हणालो. त्यानं नावाच्या जागी 'कॅश' टाकलं आणि महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्रीला लागतो तो कर, लावला. माझा जीएसटी नंबर कर्नाटकातला, 29 नं सुरू होणारा. बिलावर तो नंबर नाही आणि कर दुसऱ्या राज्याचा, त्यामुळे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वळता होतो ते, शून्य. मॉनिटरवर 18 टक्के कर असतो, म्हणजे 25,500 मध्ये साधारण 3,890 रुपये कराचे. वाचवले 2,100, घालवले 3,890. बिल बदलून मागितलं तर दुकानदार म्हणाला, त्या महिन्याचं रिटर्न भरून झालंय. (तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या ठोक कराच्या योजनेत, असाल तर क्रेडिट तसंही मिळत नाही. मी कर सल्लागार नाही, तुमच्या सीएंना एकदा विचाराच.)

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. चौथ्या महिन्यात, अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर, मधल्या मॉनिटरवर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली. सर्व्हिस सेंटरला नेला. पहिल्या खेपेला म्हणाले, बिलावर सीरियल नंबर नाही. दुकानाकडून सही-शिक्क्यानिशी लिहून आणला, तर म्हणाले, बिल 'कॅश'च्या नावावर आहे, तुम्हीच घेतलाय कशावरून? तिसऱ्या खेपेला आधीचा माणूस नव्हता, नव्यानं पहिल्यापासून सुरुवात. मशीन खराब झाली हे समोर दिसतंय, वॉरंटी चालू आहे हे त्यांच्याच कॉम्प्युटरवर दिसतंय, तरी ऐन लग्नसराईत धंदा सोडून माणसाला असं फिरवायचं, याचा राग मला अजून आहे. सात आठवड्यांनी नाद सोडला आणि खडेबाजारातून वेगळ्याच कंपनीचा एक घेतला. तो बाजूच्या दोघांशी आजतागायत जुळलेला नाही. एकच पत्रिका डाव्या स्क्रीनवर कुंकवासारखी लाल आणि मधल्यावर विटेसारखी दिसते. गिऱ्हाईक शेजारी बसलं की विचारतंच, "ह्यातला खरा कुठला?"

म्हणून माझं मत, ते पटलं नाही तर सोडून द्या: 700 साठी हद्द ओलांडू नका. तिकडूनच घ्यायचे असतील तर तुमच्या दुकानाचं नाव, तुमचा 29 चा नंबर, आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर) आणि तिन्ही सीरियल नंबर बिलावर छापून घ्या. मागच्या स्टिकरशी ते एकेक करून ताडून बघा. बिल छापायच्या आधी तिन्ही खोके उघडायला लावा, पांढरा, काळा आणि लाल पडदा लावून बिघडलेले ठिपके (डेड पिक्सेल) आहेत का बघा. घरी आल्यावर एखाददुसरा ठिपका सापडला तर बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत.

आता साइझचं. 27 इंची स्वस्तात मिळतो तो बहुधा 1920 बाय 1080 चा. त्यात इंचाला सुमारे 82 पिक्सेल येतात, 24 इंचीत 92. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण आपलं काम अक्षरांचं आहे. 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वार, कन्नडमधलं खाली लटकणारं ओत्तक्षर, हे बारीक टाइपात मोठ्या पडद्यावर गिचमिड होतं. 'का' आणि 'कां' नजरेतून सुटलं की अख्खा गठ्ठा पुन्हा छापायचा. 27 घ्यायचाच तर 2560 बाय 1440 चा घ्या, पण मग 25 हजारांत तीन बसवणं अवघड. तुमच्यासाठी 24 इंची, आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग फारसे न बदलणारं पॅनेल), तिन्ही एकाच मॉडेलचे. 24 इंचीच्या पडद्याची उंची साधारण 11.8 इंच असते आणि ए-4 कागदाची 11.7, त्यामुळे पूर्ण पडद्यावर अख्खं पान जवळजवळ खऱ्या मापात दिसतं. मागे वेसाची (स्टँड-आर्म बसवायच्या ठरलेल्या मापाची) चार भोकं आहेत का बघा, पुढे आर्म लावून एक उभा करता येतो. टीएन नावाचा स्वस्तातला पॅनेल उभा केला की एका बाजूनं रंग काळवंडतात, तो नको.

तुमच्या पीसीला एक एचडीएमआय आणि एक व्हीजीए आहे, म्हणून स्प्लिटर आणायचा विचार आहे म्हणता. आणू नका. स्प्लिटरनं एकच चित्र दोन ठिकाणी दिसतं, वेगळी खिडकी मिळत नाही. व्हीजीएवर अक्षरं थोडी मऊ पडतात, डिझाइन त्यावर नको, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या करेक्शन्स ठेवायला चालेल. तिसऱ्यासाठी तीन डिजिटल आउटपुटचं साधं ग्राफिक्स कार्ड घ्या, गेमिंगचं महागडं लागत नाही. कार्ड बसवल्यावर काही बोर्डांवरचे मूळ पोर्ट बंद पडतात, बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मल्टी-मॉनिटरचा पर्याय असला तर तिथून चालू होतात.

पावर जाते तिकडे पण, म्हणून यूपीएसचं पण बघून ठेवा. 24 इंची एलईडी साधारण 20-25 वॅट खातो, तीन मिळून 60-75. पीसी धरून हिशेब करा, जुनी बॅटरी असली तर आधी ती बदला.

कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो आणि पॉवर सप्लायवरच्या लेबलचा फोटो टाका. कार्ड कुठलं बसेल ते बघून सांगतो.