कायद्याचा सल्ला : लायसन्स जमा, हातात पावती

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. माझा मुलगा चाकणला एका कंपनीत नोकरीला आहे. गेल्या महिन्यात मित्राच्या साखरपुड्याहून रात्री स्कूटरवर परत येताना पोलिसांनी त्याला अडवलं आणि मशीनमध्ये फुंकायला लावलं. आकडा ९४ आला. लायसन्स काढून घेतलं, पावती दिली. तो रोज त्याच पावतीवर स्कूटरने कामाला जातो. एक एजंट म्हणतो, ‘कोर्टात दंड भरून टाका, लायसन्स मी आठवड्यात सोडवून आणतो.’ स्कूटर माझ्या नावावर आहे. लायसन्स नक्की किती दिवस जाणार?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुदतीचं नंतर सांगते. आधी मुलाला आजच फोन करा आणि स्कूटर बंद ठेवायला लावा.

त्या पावतीवर त्याला गाडी चालवता येत नाही. इतर काही केसेसमध्ये पोलीस लायसन्स ठेवून घेतात, तेव्हा मिळणाऱ्या पावतीवर ठरावीक तारखेपर्यंत गाडी चालवता येते. लोकांच्या डोक्यात तेच बसलेलं असतं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसचं तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने साफ लिहिलं आहे की लायसन्स आरटीओकडे जाईल, तात्पुरती पोच मिळेल, पण लायसन्स परत हातात येईपर्यंत त्या पोचेवर वाहन चालवण्याची परवानगी नाही. म्हणजे तुमचा मुलगा सध्या रोज लायसन्सशिवाय गाडी चालवतोय. फोनमधली लायसन्सची प्रतही चालणार नाही, निलंबनाची नोंद आरटीओच्या संगणकात होते.

आता तुमच्याबद्दल. स्कूटर तुमच्या नावावर आहे आणि लायसन्स जमा झाल्याचं तुम्हाला ठाऊक आहे. अशा माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून कलम १८० खाली मालकालाही तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उद्या त्याच्या हातून कुणाला धडक बसली, तर विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देऊन ते तुमच्याकडून वसूल करायला येईल. नुकसानभरपाईच्या दाव्यांत मी हे पाहिलं आहे. असा लाखांचा बोजा पगारदार घराला झेपत नाही.

मुदतीकडे वळते. इथे दोन वेगळी खाती आहेत आणि एजंट लोक त्यातलं एकच सांगतात.

पहिलं आरटीओचं. कलम १९ प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला तीन महिने निलंबन, दुसऱ्यांदा सापडला तर लायसन्स रद्दच. त्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, त्यासाठी नोटीस येते. ती बहुधा लायसन्सवरच्या पत्त्यावर, म्हणजे साताऱ्याच्या घरी येईल. पोस्टमनकडून घ्या आणि तारखेला त्याला हजर करा. बरेचजण नोटीस घेतच नाहीत. मग आदेश एकतर्फी होतो आणि अपिलाचे तीस दिवसही हातचे जातात. तीन महिने संपले की लायसन्स आपोआप घरी येतं असंही नाही. मान्यताप्राप्त संस्थेतलं चालकांचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

दुसरं कोर्टाचं, आणि ते जास्त जड. कलम १८५ चा गुन्हा तडजोडीने मिटत नाही, दंडाधिकाऱ्यांपुढे जावंच लागतं. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची आहे, त्याचा आकडा तिपटीहून वर गेलाय. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण कलम २० सांगतं की या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला कोर्टाने लायसन्ससाठी अपात्र ठरवायचंच, आणि तेही किमान सहा महिने. ‘दंड भरून टाका’ याचा अर्थ गुन्हा कबूल करणं. कबुली दिली की तो दोषी ठरला. हीच नोंद पुढच्या वेळी ‘दुसरा गुन्हा’ म्हणून उभी राहते, तेव्हा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार दंड किंवा दोन्ही. पूर्वी तीन वर्षांच्या आतला दुसरा गुन्हाच असा मोजत. २०१९ पासून ती मुदत काढून टाकली आहे.

तेव्हा कबुली द्यायची की केस लढायची, हे मशीनची छापील चिठ्ठी आणि बाकी कागद वकिलाला दाखवून ठरवा. दोन्ही आदेश हाती आले की तारखा नीट वाचा, आणि ज्याची मुदत शेवटी संपते तोवर गाडीला हात नको. एजंटला एक रुपयाही देऊ नका. आरटीओच्या दप्तरातलं लायसन्स सुनावणीशिवाय सोडवून आणायचा सरळ मार्ग त्याच्याकडे नाही, आणि वाकडा मार्ग तुमच्या मुलाला आणखी एका गुन्ह्यात नेईल.

कामावर जायला कंपनीची बस किंवा सहकाऱ्याची गाडी बघा. ताई, तुमची काळजी पत्रातून कळते, पण तो सुखरूप घरी पोचला हे त्या रात्रीचं नशीब होतं. ९४ वर गाडी चालवणारा माणूस ब्रेक दाबायला उशीर करतो आणि त्याला स्वतःला ते जाणवतही नाही. हे त्याच्याशी एकदा बसून बोला. कोर्टाच्या तारखेआधी बोललात तर जास्त बरं.

प्रश्न : माझा दीर टेम्पो चालवतो. याच कारणावरून कोर्टाने त्याला सहा महिने अपात्र ठरवलंय. तोवर नागपूरच्या मामांच्या पत्त्यावर दुसरं लायसन्स काढलं तर?
– वाचक, जळगाव

उत्तर : मुळीच नको. अपात्र असताना नुसता अर्ज करणं हाच कलम १८२ खाली गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार दंड किंवा दोन्ही, आणि असं मिळवलेलं लायसन्स कागदाच्या किमतीचंही नाही. त्याची रोजीरोटी टेम्पोवर आहे हे मला कळतं. आदेशाची प्रत मिळवा. अपात्रता सगळ्या वाहनांसाठी आहे की ठरावीक वर्गापुरती, हे त्यात लिहिलेलं असतं. अपील करायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा : नुसतं अपील दाखल केल्याने अपात्रता थांबत नाही, अपिलाच्या कोर्टाने तसा आदेश द्यावा लागतो. स्थगितीचा अर्ज अपिलासोबतच द्यायला वकिलांना सांगा.