‘डिसॅबिलिटी’च्या रकान्यात ‘हो’ लिहायचं की ‘नाही’?

बार्शीहून एका वडिलांचं पत्र आलंय. त्यांची लेक पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, लहानपणापासून ती कानाचं मशीन वापरते. कॅम्पस प्लेसमेंटच्या फॉर्मवर ‘डिसॅबिलिटी आहे का?’ असा रकाना आहे. वडील लिहितात, ‘तिचं बोलणं स्वच्छ आहे. केस मोकळे सोडले की मशीनसुद्धा दिसत नाही. मग सांगून हातची नोकरी का घालवायची? कंपनीची माणसं कॉलेजात येऊन डायव्हर्सिटी, इक्विटी, इन्क्लूजन असं तासभर बोलून गेली, ते नेमकं काय? अमेरिकेत तर हे बंद केलं म्हणे. आम्हाला कुणाची मेहेरबानी नको. शाळेत दरवर्षी मी स्वतः जाऊन तिला डावीकडच्या रांगेत पहिल्या बाकावर बसवायला सांगायचो. ऑफिसात कोण सांगणार?’

नमस्कार दादा,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. लेकीचा डावा कान जास्त कमजोर. म्हणून डावीकडच्या रांगेतलं पहिलं बाक, म्हणजे उजवा कान बाईंच्या बाजूला राहील. दर जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना तुम्ही हे समजावून सांगितलंत. त्याबद्दल तिला कुणी दोन मार्क जास्त दिले का? पेपर तोच होता, तपासणारा तोच होता. फक्त इतर चाळीस मुलांना जे आपसूक ऐकू यायचं ते तिलाही ऐकू आलं. ही मेहेरबानी नव्हती. कायद्यात याला ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ म्हणतात, आपण ‘वाजवी सोय’ म्हणू. कंपनीची माणसं तासभर जे सांगत होती त्याचा गाभा एवढाच आहे.

ते तीन शब्दही याच वर्गात बसवून बघा. विविधता म्हणजे तिला शाळेत प्रवेश मिळाला. समता म्हणजे शिकायची संधी तिला इतरांइतकीच मिळाली, आणि त्यासाठीच तिचं बाक वेगळं ठेवावं लागलं. समावेश म्हणजे बाई फळ्याकडे तोंड करून बोलता बोलता थांबल्या, वर्गाकडे वळल्या आणि मग पुढचं वाक्य बोलल्या. पहिली गोष्ट कंपनीच्या वेबसाइटवर फोटोत दिसते. तिसरी तिथं काम केल्याशिवाय कळत नाही, आणि खरी गरज तिचीच असते.

अमेरिकेचं म्हणाल, तर जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या आदेशांनी तिथल्या केंद्र सरकारी खात्यांमधले असे कार्यक्रम बंद झाले, आणि काही मोठ्या कंपन्यांनीही आपले कार्यक्रम आटोपते घेतले. पण अपंग व्यक्तींसाठीचा तिथला १९९० चा कायदा अजून जागेवर आहे. इथं तर लेकीच्या पाठीशी संसदेनं केलेला कायदा आहे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. कंपनीचं मुख्यालय अमेरिकेत असलं तरी पुण्यातल्या ऑफिसला तो लागू आहे. आणि ही कल्पना बाहेरून आली असं तर मुळीच समजू नका. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. सगळ्यांना एकाच मापानं मोजून समता येत नाही, हे आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी कळलेलं आहे.

आता कायदा हाताशी कसा येतो ते सांगते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलंय, कमी ऐकू येणंही त्यात आहे. खाजगी नोकरीत आरक्षण नाही. सरकारी नोकरीत ४ टक्के आहे आणि त्यातला १ टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. तिला पुढं एमपीएससीकडे वळावंसं वाटलं तर ते कामी येईल, म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आत्ताच काढा. खाजगी कंपनीच्या बाबतीत याच कायद्याचं कलम २१ लक्षात ठेवा. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कोणत्या सोयी मिळतील, त्यासाठी कोणता अधिकारी (लायझन ऑफिसर) नेमलाय, हेही त्या धोरणात यावं लागतं. कंपनीच्या त्या भाषणाच्या, म्हणजे प्री-प्लेसमेंट टॉकच्या शेवटी ‘एनी क्वेश्चन्स?’ विचारतात ना, तेव्हा लेकीनं एवढंच विचारावं: समान संधी धोरण कुठं वाचायला मिळेल आणि लायझन ऑफिसर कोण आहेत? पटकन उत्तर आलं तर ती कंपनी यादीत वर घ्या. माणसं एकमेकांकडे बघायला लागली तर तासभराच्या भाषणाची किंमत कळली.

२०२१ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकालही तिनं जरूर वाचावा. यूपीएससीच्या एका उमेदवाराला लिहिताना हाताला पेटके यायचे. ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयानं ते चुकीचं ठरवलं. वाजवी सोय हा समानतेचाच भाग आहे, ते दान नाही, अशी त्या निकालाची दिशा आहे. ‘मेहेरबानी नको’ या तुमच्या शब्दांना यापेक्षा भक्कम आधार मला सापडत नाही.

मग रकान्यात काय लिहायचं? माझं मत: ‘हो’ लिहावं. कुणीच नाव कापणार नाही असं मी म्हणणार नाही. काही ठिकाणी कापतात, कारण दुसरंच सांगतात, आणि ते सिद्ध करणं फार अवघड असतं. तरीही मी ‘हो’ म्हणते ते एका मुलामुळे.

तोही कानाचं मशीन वापरायचा, आणि त्यानं ‘नाही’ लिहिलं होतं. नोकरी लागली. रोज सकाळी दहा जण उभ्या उभ्या कामाचं बोलायचे, वर एसीची घरघर. एका मीटिंगमध्ये मॅनेजर ‘फिफ्टी’ म्हणाला, यानं ‘फिफ्टीन’ ऐकलं. पन्नास टेस्ट केसेसच्या जागी पंधरा लिहून शुक्रवारी निवांत घरी गेला. असं तीनचारदा झालं. सहा महिन्यांच्या रिव्ह्यूमध्ये शेरा आला, ‘लक्ष देत नाही, कामात गांभीर्य नाही.’ तो माझ्यासमोर बसून म्हणाला, ‘मॅडम, मी दिवसभर फक्त लक्षच देत असतो.’ संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं ठणकायचं. शेवटी त्यानं मॅनेजरला खरं सांगितलं. त्यानंतर मीटिंग व्हिडिओ कॉलवर लाइव्ह कॅप्शन लावून, म्हणजे बोललेलं लगेच पडद्यावर अक्षरांत दिसेल अशी, व्हायला लागली, आणि ठरलेले आकडे चॅटवर टाकायची पद्धत पडली. खर्च शून्य. त्या चॅटचा उपयोग बाकीच्या नऊ जणांनाही झाला. लपवल्यामुळे नोकरी मिळाली खरी, पण सहा महिने तो आळशी ठरला, आणि तो शेरा रेकॉर्डवर तसाच राहिला.

तरी दादा, शेवटचा निर्णय लेकीचा. शाळेत तुम्ही बोललात, ते वयच तसं होतं. आता हे वाक्य तिच्या तोंडी यायला हवं. पत्र तुमचं आलं, तिला काय वाटतं त्याची एक ओळही त्यात नाही, हे मला खटकलं. आज रात्री तिला फोन करून आधी तेवढं विचारा.

ती ‘हो’ म्हणाली तर नुसती टिक करून थांबू नये. ‘हिअरिंग इम्पेअरमेंट’ एवढंच वाचून समोरचा मनानं काहीही कल्पना करतो. म्हणून सोबत चार ओळींचा मेल जावा, त्यात नेमकं काय लागतं ते असावं: ‘मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरते. समोरासमोर बोलणं मला व्यवस्थित कळतं. टेलिफोनिक राउंडऐवजी कॅप्शनसह व्हिडिओ कॉल ठेवावा ही विनंती. ग्रुप डिस्कशनमध्ये मला सगळ्यांचे चेहरे दिसतील अशी जागा मिळावी.’ दिलगिरी नको, आजाराचा इतिहास नको. ‘सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स’ तर अजिबात नको, मुली ते हमखास लिहितात.

आणखी एक गोष्ट तिच्यासाठी. उद्या तिच्या टीममध्ये गडचिरोलीचा एखादा मुलगा असेल, त्याच्या इंग्रजीवर बाकीचे हसतील. कुणी नव्या मुलीला ‘पूर्ण नाव सांग ना’ म्हणत आडनाव काढून घेईल आणि त्यावरून मनात हिशोब मांडेल. कुणाला बाळंतपणाच्या रजेवरून आल्यावर बिनमहत्त्वाचं काम दिलं जाईल. तेव्हा आपल्या लेकीनं खाली मान घालून बसू नये. न ऐकलं जाणं म्हणजे काय, हे तिला त्या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी दोन्ही मशिनांत नवी बॅटरी घालायला सांगा. बॅटरीवरचा रंगीत स्टिकर काढला की मिनिटभर ती हवेत राहू द्यायची, मगच आत बसवायची. जास्तीची जोडी पर्समध्ये नको, खिशात हवी, म्हणजे मध्येच बीप वाजलं तर ‘एक मिनिट, बॅटरी बदलते’ म्हणून तिला समोरच बदलता येईल. आणि केस बांधून जाऊ दे.