लहानपणी वाचलेली आणि आता छापली न जाणारी कुमार-कादंबरी पुन्हा कशी शोधावी, आणि ती वाचावी का?

तेराव्या-चौदाव्या वर्षी वाचलेली एक इंग्रजी कादंबरी आपल्याला पुन्हा वाचायची आहे. तिचे नाव आठवत नाही, ती बहुधा आता छापली जात नाही, आणि सापडलीच तर पूर्वीइतकी आवडेल का, अशी शंका आपण विचारली आहे. अशा कादंबऱ्यांच्या शोधात मी बराच काळ घालवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आपण प्रश्नात कथानक तपशीलवार सांगितले आहे, पण माझ्या मते शोधासाठी कथानक हा सर्वांत कच्चा दुवा असतो. फ्रेडरिक बार्टलेट या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले होते की वाचलेली गोष्ट पुन्हा सांगताना माणसे तिच्यातले अनोळखी तपशील गाळतात किंवा स्वतःच्या ओळखीच्या गोष्टींत बदलून टाकतात. इतक्या वर्षांनंतर दोन पुस्तकांचे प्रसंग एकमेकांत मिसळले असण्याचीही शक्यता असते. त्यापेक्षा पुस्तक या वस्तूविषयी जे आठवते ते आधी लिहून काढावे: मुखपृष्ठावर काय होते, पुस्तक कागदी बांधणीचे होते की कापडी, ते कोणत्या इयत्तेत हातात आले आणि तेव्हाच ते जुने दिसत होते का. ज्या वर्षी आपण ते वाचले त्यानंतर प्रसिद्ध झालेले प्रत्येक पुस्तक यादीतून आपोआप वगळले जाते, आणि एवढ्यानेही शोध पुष्कळ आटोपशीर होतो.

यानंतर ग्रंथालयांच्या नोंदींकडे वळावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६० च्या दशकापासून बालकुमारांच्या पुस्तकांच्या नोंदींत एक-दोन वाक्यांचा कथासार देण्यास सुरुवात केली, आणि पुष्कळ पुस्तकांत तोच सार स्वामित्वहक्काच्या पानावरही छापलेला असतो. प्रौढांच्या कादंबऱ्यांना ही सोय सहसा मिळत नाही. त्यामुळे जगभरच्या ग्रंथालयांची एकत्रित सूची असलेल्या वर्ल्डकॅटवर ‘दीपगृह’, ‘सावत्र बहीण’, ‘हिमवादळ’ यांसारखे शब्द इंग्रजीतून टाकून आणि सालाची मर्यादा घालून शोधल्यास नाव माहीत नसलेले पुस्तकही हाती लागू शकते. तेथे जमले नाही, तर गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर विसरलेल्या पुस्तकांची नावे ओळखून देणारा वाचकांचा मोठा गट आहे. तेथील जुनी उत्तरे वाचण्यातही मला फार आनंद मिळाला आहे.

नाव कळल्यावर प्रत मिळणे अवघड का होते, हेही सांगितले पाहिजे. या कादंबऱ्या मोठ्या प्रमाणावर स्वस्त कागदी बांधणीत निघत. अमेरिकेत अशा पुस्तकांच्या न खपलेल्या प्रती परत पाठवण्याऐवजी विक्रेत्याने फक्त फाडलेले मुखपृष्ठ पाठवायचे आणि उरलेले पुस्तक नष्ट करायचे, अशी पद्धत होती. ज्या प्रती यातून बचावल्या त्यांचा आम्लयुक्त कागद पिवळा पडून ठिसूळ झाला. ग्रंथालये तर सर्वांत जास्त हाताळली गेलेली, म्हणजे मुलांना सर्वांत प्रिय असलेली, प्रतच आधी बाद करतात, आणि मला या सगळ्यात हेच अधिक दुःखद वाटते. इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरून स्कॅन केलेली प्रत उसनी घेऊन वाचण्याचा मार्गही आता अरुंद झाला आहे, कारण चार प्रकाशकांनी २०२० साली भरलेल्या खटल्यानंतर तेथील ५ लाखांच्या आसपास पुस्तके उसनी देणे बंद करावे लागले. तरीही तेथे एकदा पाहावे.

विकत घेताना मात्र आवृत्ती नीट तपासावी. आयएसबीएन ही पुस्तकांना ओळख-क्रमांक देण्याची पद्धत १९७० च्या सुमारास रूढ झाली आणि प्रत्येक आवृत्तीला व बांधणीला वेगळा क्रमांक असतो. त्याहून जुन्या पुस्तकासाठी प्रकाशकाचे नाव आणि साल यांवरच भिस्त ठेवावी लागते. हा आग्रह केवळ हौसेपोटी नाही. लोइस डंकन यांच्या १९७० च्या दशकातील रहस्यकादंबऱ्या २०१० पासून पुन्हा निघाल्या, तेव्हा लेखिकेने त्यांत मोबाइल फोनसारखे बदल केले. तो त्यांचा अधिकारच होता, पण आपल्याला आठवणारे पुस्तक ते नव्हे.

आता पूर्वीइतकी आवडेल का, याविषयी. माझे मत असे की अवश्य वाचावी, आणि एका बैठकीत न संपवता सावकाश वाचावी. काही कादंबऱ्यांतले वर्गीय आणि वांशिक पूर्वग्रह आज डोळ्यांना खुपतात आणि त्यांना वयाची सबब देऊन सोडून देता येत नाही. पण उत्तम कुमार-कादंबरी मृत्यू, मत्सर, घरातले मौन यांबद्दल वाचकाशी बरोबरीने बोललेली असते, आणि ते बोलणे जुने होत नाही. माझ्या बाबतीत तर जे विचार मी वर्षानुवर्षे स्वतःचेच समजत आले, त्यांतले काही अशा पुस्तकाच्या पानावर जसेच्या तसे छापलेले आढळले.

प्रत कोठेच मिळाली नाही, तर लेखकाला किंवा त्याच्या वारसांना पत्र लिहावे. पुस्तक छापणे थांबल्यावर प्रकाशनाचे हक्क लेखकाकडे परत जाण्याची तरतूद अनेक करारांत असते, आणि वाचकांच्या अशा विचारणेतून ई-पुस्तक निघू शकते. लेखिका लिझी स्कर्निक यांनी २०१३ साली इग पब्लिशिंग या अमेरिकी प्रकाशनसंस्थेबरोबर एक मालिका सुरू केली, ती नेमकी अशाच, बाजारातून नाहीशा झालेल्या कुमार-कादंबऱ्यांच्या पुनर्मुद्रणासाठी. आपले पुस्तक १९३० ते १९८० च्या दशकांतले असेल, तर त्या मालिकेची यादी आधी पाहून घ्यावी.