खेळाडूची खोडी काढायची तर...

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी खेळणाऱ्याला मुद्दाम पिडणारा, पण हसवणारा गेम करायचाय. सगळ्यांना एकच त्रास दिला तर चालेल का सर? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : नाही चालणार. ज्याला जे सर्वांत प्रिय, तिथेच चिमटा काढावा लागतो. गेमचे अभ्यासक रिचर्ड बार्टल यांनी १९९६ मध्ये ऑनलाइन खेळणाऱ्यांचे चार प्रकार मांडले : गुण-बक्षिसं जमवणारे, कानाकोपरा धुंडाळणारे, माणसांसाठी येणारे आणि दुसऱ्याला लोळवण्यात रमणारे.

जमवणाऱ्याला ९९ नाणी सहज मिळू द्या. शंभरावं उचललं की खिशातलं एक गळून पडावं. ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या व्हिडिओ गेममध्ये (२०१७) तब्बल ९०० बिया शोधणाऱ्याच्या हातात शेवटी सोनेरी रंगाचा शीचा गोळा पडतो! धुंडाळणाऱ्यासाठी धबधब्यामागे गुप्त दार ठेवा, आत लांबच लांब भुयार आणि टोकाला पाटी : ‘आत काही नाही, हे बाहेर लिहायचं राहिलं.’ गप्पिष्टाचा निरोप गेममधल्या पोस्टमनने चालत न्यावा आणि दार बंद दिसलं की तसाच परत आणावा.

खरी मजा चौथ्याची. त्याला समोरच्याची चिडचिड हवी असते; नेमकी तीच देऊ नका. त्याने ज्याला मारलं, त्याने उठून ‘छान खेळलात, दादा’ म्हणावं आणि नवी टोपीही या मार खाणाऱ्यालाच मिळावी. मी तुमच्या जागी असतो तर प्रोजेक्टची सुरुवात इथूनच केली असती.

प्रश्न : ‘मारिओ कार्ट’ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये मी पहिली असले की निळं कवच येऊन आदळतं आणि धाकटा भाऊ पुढे जातो. हा अन्याय नव्हे? (खानापूर)

उत्तर : आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे. १९९६ च्या ‘मारिओ कार्ट ६४’पासून मागच्याने सोडलेलं हे कवच पहिल्यालाच गाठतं. सापशिडीत घराच्या तोंडाशी बसलेल्या सापाचंच हे काम. मागे पडलेला धाकटा त्यामुळेच खेळ अर्धवट टाकून उठत नाही.

प्रश्न : मुलाच्या फुकटच्या गेममध्ये जाहिरात बंद करायची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं. ही पण गंमतच काय वो? (चिकोडी)

उत्तर : नाही अक्का, ही फसवणूक आहे आणि मला तिचा मनापासून राग येतो. खोडीत फसलेल्याला आपण फसलो हे कळतं आणि तोही हसतो. इथे त्याच्या चुकीवर दुसऱ्याची कमाई होते. ‘चार तास थांबा, नाहीतर पैसे भरा’ हाही त्यातलाच प्रकार. असा गेम काढून टाका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवा.

प्रश्न : निव्वळ कंटाळा आणणारा गेम कुणी केलाय का? आपल्याकडचा करता येईल का? (निपाणी)

उत्तर : केलाय की! पेन आणि टेलर या जादूगार जोडीच्या १९९५ च्या गेमसंग्रहात ‘डेझर्ट बस’ होता. ट्यूसॉन ते लास वेगस, रिकामा रस्ता, वेग ताशी ४५ मैल. पोहोचायला खरेखुरे आठ तास. बस सारखी उजवीकडे ओढते, त्यामुळे हात काढायची सोय नाही. पोहोचलात की गुण मिळतो एक. तो संग्रह तेव्हा बाजारात आलाच नाही. पण २००७ पासून काही हौशी मंडळी हाच गेम दिवसेंदिवस खेळून मुलांच्या मदतीसाठी देणग्या जमवतात.

आपला गेम बेळगाव–निपाणी बसचा करा. हायवे तोच, हत्तरगी, संकेश्वर, सगळं खऱ्या वेळेत. फक्त खेळणाऱ्याला ड्रायव्हर करू नका, कंडक्टर करा. प्रत्येक प्रवाशाने पाचशेची नोट काढावी. कंडक्टरने कन्नडमध्ये ‘चिल्लरे कोडी’ (सुट्टे द्या) म्हणावं, तर प्रवाशाने मराठीत ‘सुट्टे नाहीत वो’ म्हणून खिडकीबाहेर बघावं. शेवटी सगळ्यांचे सुट्टे जमले, की निपाणी स्टँडवर मागून आवाज यावा : ‘माझे पंधरा राहिले की!’